बिडाचा माणूस आणि ॲल्युमिनियमचा ब्लॉक

पंधरा डिसेंबर, सकाळी साडेअकरा. जागा नाशिकच्या अंबडमधलं माझं बोअरिंगचं दुकान. ठरलेली रक्कम दोन लाख बहात्तर हजार रुपये, आणि तीही इंजिनच्या नुसत्या रिकाम्या ब्लॉकची. हजर माणसं चार : निफाडचे द्राक्ष बागायतदार विठ्ठलनाना, त्यांची मुलगी ऋतुजा, माझे गुरू वामनमामा आणि मी. मामांचा या ठरावाला विरोध होता. बिडाचा ब्लॉक घ्या, लाखभरात काम होईल आणि नातवंडंही वापरतील, असं त्यांचं म्हणणं. नाना म्हणाले, "मामा, आधी पोरगी नीट राहू द्या, मग नातवंडं."

हे बोलणं कशावरून निघालं ते सांगण्याआधी आमचा धंदा थोडा सांगतो, कारण बोअरिंग म्हटलं की लोक मला पाण्याची बोअर मारणारा समजतात. वर्षातून दोन-तीन फोन तरी तसे येतात. मी मारतो ती बोअर इंजिनच्या पोटात. इंजिनचा ब्लॉक म्हणजे त्याचं धड. त्यात गोल विहिरीसारखे सिलिंडर असतात, भिंतीपलीकडे त्यांना गार ठेवणारं पाणी असतं, आणि आत पिस्टन खाली-वर होतो. लाखो वेळा खाली-वर होऊन विहीर झिजते, आणि सगळीकडून सारखी झिजत नाही. वर जास्त, खाली कमी, एका बाजूला अंडाकृती. मग गाडी धूर टाकते, तेल पिते. आम्ही ती विहीर थोडी मोठी करून पुन्हा गोल करतो आणि त्या मापाचा नवा पिस्टन बसवतो. सगळा हिशेब थाऊमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात. आपल्या डोक्यावरचा केस साधारण तीन थाऊ जाड असतो. आमच्याकडे एका केसाची चूक म्हणजे मोठी चूक.

मी वामनमामांच्या दुकानात लागलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. आज छप्पन्न. त्या वेळी सगळं बिडाचं असायचं. बीड म्हणजे ओतीव लोखंड. बिडाला बोअर मारताना बारीक काळा भुगा पडतो आणि त्याला एक कोरडा वास असतो. घरी गेलो की माझी आई म्हणायची, हा दारातून आत यायच्या आधी याचा वास येतो. मला तो वास आजही आवडतो. बीड समजूतदार धातू आहे. तापलं तरी बेताने फुगतं, मार खातं, दोन-तीनदा बोअर मारली तरी कुरकुर करत नाही.

चांदवडहून कांद्याचे ट्रक यायचे. हंगामाच्या तोंडावर तर रांग लागायची. एक ड्रायव्हर होता, त्याला सगळे बापू म्हणत. तो इंजिन उतरवून द्यायचा आणि काम होईपर्यंत दुकानासमोरच्या लिंबाखाली मुक्काम ठोकायचा.

"मामा, बोअर जरा मोठीच मारा. लय पळवायची हाय."

"तिसरी बोअर आहे बापू. आता आणखी मोठी केली तर पलीकडचं पाणी दिसेल."

"दिसू द्या. उन्हाळ्यात बरंच हाय."

मामा हसायचे नाहीत, पण त्या दिवशी चहा त्यांच्याकडून असायचा. पेठकडचा एक म्हातारा भातगिरणीचं एका सिलिंडरचं इंजिन एसटीच्या टपावर टाकून आणायचा. तो काम संपेपर्यंत मशीनशेजारी उभा राहायचा, बसायचा नाही. मी एकदा स्टूल दिलं तर म्हणाला, माझं इंजिन उभं आहे, मी कसा बसू. ही माणसं आता येत नाहीत. नव्या गाड्यांची इंजिनं कोणी बोअर मारून वापरत नाही, आख्खं बदलतात. आमच्या रस्त्याला अशी सहा दुकानं होती. आता माझं एक आणि दुसरं एक, तेही दुपारनंतर उघडतं.

मामांचा ॲल्युमिनियमवर राग का, त्याचीही एक गोष्ट आहे. बिडाचे भाग धुवायला आमच्याकडे कॉस्टिक सोड्याची गरम टाकी होती. वर्षानुवर्षांचं तेल, काजळी, सगळं त्यात एका रात्रीत सुटायचं. एका डॉक्टरसाहेबांच्या परदेशी गाडीचं हेड आलं. हेड म्हणजे ब्लॉकवरचं झाकण. मामांनी ते सवयीप्रमाणे टाकीत सोडलं आणि आम्ही घरी गेलो. सकाळी बाहेर काढलं तर उंदरांनी कुरतडलेली भाकरी. ॲल्युमिनियमला कॉस्टिक खातो, हे तोवर मामांना कोणी सांगितलं नव्हतं आणि मला तर कोण सांगणार. मामा स्वतः डॉक्टरांकडे गेले, चूक सांगितली आणि दुसरं हेड आणून दिलं. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "जो धातू आंघोळ सोसत नाही, तो काम काय करणार."

आता नाना आणि ऋतुजा.

ऋतुजा सत्तावीस वर्षांची. नानांच्या पॅकहाऊसचं, म्हणजे द्राक्षं निवडून पेट्यांत भरायच्या शेडचं, सगळं काम तीच बघते, आणि वर्षातून चार वेळा चिखल-दगडांच्या डोंगरी स्पर्धांत गाडी चालवते. गाडी म्हणजे पाइपांचा सांगाडा, मोठी चाकं आणि पुढे आठ सिलिंडरचं अवजड इंजिन. या ठरावाच्या आधीच्या हंगामात एका उतारावर तिचं इंजिन जाम झालं. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं, ब्रेकची ताकद जाते. त्यात गाडीचं नाक बिडाच्या ब्लॉकमुळे जड. गाडी नाकावर गेली आणि उलटली. ऋतुजाचं गळ्याजवळचं हाड मोडलं. नानांनी गाडी विकायला काढली. ती दीड महिना गळ्यात झोळी अडकवून हट्ट करत राहिली. शेवटी नाना म्हणाले, एक संधी देतो. नाक हलकं करा, इंजिन भरवशाचं करा. ते पुन्हा उतारावर दगा देईल असं वाटलं, तर त्याच दिवशी गाडी विकीन.

हे त्यांनी माझ्या दुकानात, माझ्याकडे बघून सांगितलं. म्हणजे त्या पोरीचं पुढचं गाडी चालवणं माझ्या कामावर होतं आणि तिची हाडंही.

ऋतुजाला सात लिटरचं इंजिन हवं होतं. मोठं इंजिन कमी फेऱ्यांत जोर देतं, चढावर तेच लागतं. मी चार पर्याय कागदावर मांडले. पहिला, जुना बिडाचा ब्लॉक : स्वस्त, दणकट, पण जड. दुसरा, मुंबईच्या भंगार बाजारातला वापरलेला ॲल्युमिनियमचा ब्लॉक, एक लाख बारा हजार. तिसरा, तोच ब्लॉक, पण त्यात नव्या जाड नळ्या बसवून घेतलेला. चौथा, परदेशी नवा कोरा, जकातीसकट साडेसहा लाखांच्या वर.

नाना चौथ्यावर बोट ठेवून म्हणाले, "पैशाचं सोडा भाऊ. यंदा माल बरा गेला."

मी म्हटलं, "पैशाचं सोडलं तरी वेळेचं काय? तो यायला चार महिने लागतील. हंगाम संपेल."

मग दुसरा आणि तिसरा. ॲल्युमिनियम मऊ असतं, म्हणून त्याच्या सिलिंडरला आतून लोखंडाची पातळ नळी असते. वापरलेल्या ब्लॉकमधल्या नळ्यांचा आतला व्यास एकशे तीन मिलिमीटरच्या जरा वर होता. सात लिटर हवेत तर तो एकशे चार पॉइंट आठ करायला लागतो. म्हणजे प्रत्येक बाजूने पाऊण मिलिमीटर खरवडायचं. नळीच जेमतेम सव्वादोन मिलिमीटरची. उरणार दीड. तिच्या आत इंधनाचे स्फोट होणार, सगळा जोर तिच्यावर येणार. उन्हाळ्यात पाणी दिसलेलं बापूला चाललं असतं, ऋतुजाला नाही. म्हणून तिसरा पर्याय : जुन्या नळ्या काढून जाड नळ्या बसवायच्या. तेवढं अचूक यंत्र माझ्याकडे नाही, ते काम कोइमतूरला. एक लाख अठ्ठेचाळीस हजार. जाण्यायेण्याची वाहतूक बारा हजार.

नाना येताना द्राक्षांच्या पेट्या तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन आले होते. दुकानात पडलेला बिडाचा ब्लॉक ठेवला : अठ्ठ्याण्णव किलो. मग बाजारातून परत करायच्या बोलीवर आणलेला ॲल्युमिनियमचा : बावन्न. नानांनी काटा शून्यावर आणून दोन्ही पुन्हा तोलले. तेच आकडे.

"सेहेचाळीस किलो," ते म्हणाले. "कांद्याची गोणीच उतरली की नाकावरून."

मामा स्टुलावर बसून हे बघत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, नाशिक रोडला मुलाकडे राहतात, आठवड्यातून दोनदा रिक्षाने दुकानात येतात. म्हणाले, "हलकं आहे ते खरं. पत्र्याचा डबाही हलका असतो."

ऋतुजा म्हणाली, "मामा, तुम्ही बसाल का माझ्याबरोबर? दोन्हींत बसवते. मग सांगा."

"मी रिक्षात बसतो तेवढं पुरे आहे."

भंगार बाजारातून ब्लॉक घेताना मी तीन बाजूला सारले होते. अंबडमधल्याच एका ओतकाम तपासणाऱ्या मित्राचं यंत्र बरोबर नेलं होतं. ते भिंतीवर टेकवलं की जाडी सांगतं. ओतताना आतला वाळूचा साचा कधी सरकतो आणि भिंत एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ होते. वरून काही कळत नाही. चौथ्या ब्लॉकचे आकडे आठही सिलिंडरला जुळले, तोच घेतला. ही निवड मी नीट केली, असं आजही म्हणेन. चूक पुढे झाली.

ब्लॉकच्या तळाला क्रँक फिरतो, म्हणजे पिस्टनचं खाली-वर होणं गोल फिरवणारा दांडा. तो बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्यांत बसतो आणि मध्ये तेलाचा थर असतो. त्या थरासाठी किती फट ठेवायची, हा आमच्या कामातला सगळ्यात नाजूक प्रश्न. मामांचा नियम होता : जितके इंच दांडा, तितके थाऊ फट, आणि वर अर्धा थाऊ सैल. "सैल आवाज करतं, घट्ट जीव घेतं," असं ते म्हणत. तेहतीस वर्षं मी हाच नियम पाळला आणि एकही बिडाचं इंजिन परत आलं नाही.

पण ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या दुप्पट फुगतं. ब्लॉक फुगतो, पोलादी क्रँक तेवढा फुगत नाही, आणि मधली फट आपोआप वाढते. म्हणून ॲल्युमिनियममध्ये थंड असताना फट कमी ठेवायची. हे मी वाचलं होतं. माझ्या वहीत लिहिलेलंही होतं : ॲल्युमिनियम, दोन थाऊ. बसवणीच्या दिवशी मी मोजलं तर तीन भरली. एक थाऊ जाड पट्ट्या मागवायच्या तर तीन आठवडे. मामा समोर बसले होते.

"किती आलं रे?"

"तीन."

"मग बसव की. उत्तम."

मी वहीकडे बघितलं, मामांकडे बघितलं आणि बोल्ट आवळले. यात मामांचा दोष नाही. पाना माझ्या हातात होता.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निफाडला, नानांच्या पॅकहाऊससमोर, इंजिन पहिल्यांदा चाललं. निफाडची थंडी सगळ्यांना माहीत आहे. बागेत शेकोट्या होत्या. गार इंजिनला तेलाचा दाब बासष्ट पौंड. ऋतुजाने मला मिठीच मारायची बाकी ठेवली. मग ती गाडी घेऊन बागांमधल्या रस्त्याने अर्धा तास फिरून आली. उतरली आणि दाबाच्या काट्याकडे बोट करून आकडा सांगितला. मिनिटाला पाच हजार फेऱ्यांना एकतीस पौंड. साधा हिशेब आहे, हजार फेऱ्यांना दहा पौंड तरी हवेत. पन्नास लागतात तिथे एकतीस.

मला लगेच कळलं कशामुळे. तिलाही कळलं, कारण मी टोपी काढली.

"काका, जाड तेल टाकलं तर?"

"काटा वर दिसेल. चव्वेचाळीस-पंचेचाळीस."

"मग टाकू या. नऊ दिवसांवर पहिली स्पर्धा आहे. बारा हजार प्रवेश फी भरलीये, ती परत मिळत नाही. तेवढी होऊ द्या, मग उघडू."

"ऋतुजा, काटा वर दिसला तरी तेल फटीतून बाहेर पडणारच. बेअरिंग कोरडं पडलं की इंजिन जाम होतं. कुठे होईल ते सांगता येत नाही. सपाटीवर होईल किंवा उतारावर."

"मला माहिताय ते. मी जपून चालवेन." मग आवाज खाली आणून म्हणाली, "नानांना सांगू नका काका. त्यांनी काय सांगितलंय तुम्हाला ठाऊक आहे. उद्या सकाळी गिऱ्हाईक उभं करतील ते."

मी पाच-सात मिनिटं बोनेटजवळ उभा राहिलो. खोटं कशाला सांगू, जाड तेलाचा डबा माझ्या गाडीत होता. एक स्पर्धा कदाचित निभली असती. मामांच्या जुन्या दुकानात आम्ही बिडाच्या म्हाताऱ्या इंजिनांना असं जाड तेल घालून हंगाम काढून दिलेले आहेत. पण ती इंजिनं कांदा ओढत होती.

नाना पॅकहाऊसमध्ये होते. मी सगळं सांगितलं. फट किती हवी होती, मी किती ठेवली, का ठेवली. ऋतुजा दारात उभी होती. तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी उरलेलं जमिनीकडे बघत बोललो.

नानांनी हातातल्या पेटीवर चिठ्ठी चिकटवली. मग म्हणाले, "म्हणजे दगा देणार ना हे?"

"आत्ता आहे तसं चालवलं तर देईल. जाड पट्ट्या आल्या, की फट दोनवर येईल. मग तापल्यावरही दाब पन्नासच्या खाली जाणार नाही."

"आणि गेला तर?"

"तर मीच म्हणेन गाडी विका."

"तोंडी नको भाऊ. लिहून द्या."

मी पेटीच्या कोऱ्या चिठ्ठीवर लिहून दिलं. तापल्यावर, पाच हजार फेऱ्यांना, पन्नास पौंडांच्या खाली नाही. सही केली. नानांनी चिठ्ठी खिशात घातली आणि मुलीकडे न बघता म्हणाले, "पहिली स्पर्धा नाय. दुसऱ्यांदा उघडायचे पैसेबी मिळणार नाय तुम्हाला."

"मागितले नाहीत."

ऋतुजा तीन आठवडे माझ्याशी बोलली नाही. पट्ट्या आल्याचं कळवायला फोन केला तर नानांनी उचलला.

मधल्या काळात मी नाशिक रोडला मामांकडे गेलो. त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळू नये असं वाटत होतं. ऐकून त्यांनी आधी चष्मा पुसला.

"मी बिडाचा माणूस. मला विचारलंस कशाला?"

"विचारलं नाही मामा. तुम्ही समोर होतात."

"मग मला समोर बसवायचं नाही." चष्मा घालून म्हणाले, "तू वहीत दोन लिहिलं होतंस?"

"हो."

"मला वाचून का नाही दाखवलंस? मी भांडलो असतो. पण तू दाखवायचं होतंस."

आमच्या दुकानात गुरूने विचारलं तर मोजलेला आकडा सांगायचा, आपल्याला वाटतो तो त्याच्यापुढे ठेवायचा नाही, अशी रीत होती. ती कोणी घालून दिली नव्हती, आपोआप पडली होती. मामांना ती आपल्यामुळे पडली आहे हे त्या दिवशी कळलं असावं. निघताना त्यांनी विचारलं, "दोन थाऊ का? नीट सांग." मी पाऊण तास सांगत होतो, किती तापलं की किती फुगतं. त्यांनी मध्ये चार शंका काढल्या. त्यातल्या दोन बरोबर होत्या.

पट्ट्या आल्यावर इंजिन उघडलं. क्रँकवर ओरखडा नव्हता, तेवढं नशीब. नव्या पट्ट्या बसवून मोजलं : दोन. पुन्हा मोजलं : दोन. या वेळी मामा नव्हते, त्यांनी मुद्दामच यायचं टाळलं.

निफाडला गाडी पुन्हा चालली तेव्हा नाना स्वतः ऋतुजाच्या शेजारी बसले, डोक्यावर तिचं जुनं हेल्मेट. पाऊण तास दोघं फिरत होते. मी पॅकहाऊसच्या पायरीवर बसून होतो. परत आले तेव्हा नानांचा सदरा चिखलाने भरला होता.

"चोपन्न," ते म्हणाले. "एकदा त्रेपन्न झाला. मी काट्यावरून डोळा काढला नाय."

ऋतुजा म्हणाली, "रस्ता बघितलाच नाही त्यांनी. म्हणून ओरडले नाहीत."

दुसऱ्या स्पर्धेत ती सातवी आली. उतार सगळे सरळ उतरली. फोन तिनेच केला, आणि क्रमांक सांगायच्या आधी दाब सांगितला. गाडी विकलेली नाही. यंदाच्या हंगामासाठीही नानांनी तिला हो म्हटलं आहे.

शेवटचा हिशेब असा. ब्लॉकवाल्याला एक लाख बारा हजार, कोइमतूरला एक लाख अठ्ठेचाळीस हजार, वाहतुकीला बारा हजार, हे नानांनी दिले. माझ्या बसवणीचे पासष्ट हजारही त्यांनी पूर्ण दिले. जाड पट्ट्यांचे अठरा हजार चारशे मी भरले. उरले हुकलेल्या स्पर्धेचे बारा हजार. ते घेऊन मी मार्चमध्ये निफाडला गेलो आणि ऋतुजासमोर ठेवले. ती नको म्हणाली. मी म्हटलं, चूक माझी होती, स्पर्धा तुझी गेली. तिने नानांकडे बघितलं. नाना म्हणाले, "घे. उद्या तूबी कोणाचं काम बिघडवशील, तेव्हा द्यायची सवय पाहिजे." बारा हजार रुपये ऋतुजाला दिले.